ब्रोशरमध्ये नसलेलं जालना

मागच्या दिवाळीनंतर आमच्या घरात एक पुस्तिका सगळ्यांनी मिळून वाचली. व्हॉट्सॲपवर आलेली, सोळा पानांची पीडीएफ. पप्पांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आईने फक्त स्वयंपाकघराचं पान मोठं करून पाहिलं, आणि मी तीनदा वाचली. शेवटच्या पानावर आकडा होता, २९ लाख ७५ हजार. म्हणजे पप्पांचा पीएफ, आईची भिशी आणि माझ्या नावावर २० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षं धरली तर महिन्याला साधारण १७,३५० रुपये हप्ता, आणि एकूण परतफेड साडेएकेचाळीस लाखांच्या पुढे. चारशे रुपयांच्या कादंबरीवर आपल्याकडे चार जण परीक्षण लिहितात. आयुष्यातला सगळ्यात महाग मजकूर असतो फ्लॅटच्या ब्रोशरचा, आणि त्याच्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहायला बसले.

आधी आमच्याबद्दल थोडंसं. पप्पा जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये जवळपास तीस वर्षं होते. मी एका बियाण्यांच्या कंपनीत अकाउंट्स बघते. बियाणं आणि सळई या दोन गोष्टींवर आमचं शहर उभं आहे, आणि आमचं घर त्या दोन्हींच्या पगारावर चाललं. घर म्हणजे चंदनझिऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या. तिथून मिलचा भोंगा ऐकू यायचा आणि पप्पा चालत कामावर जायचे. आता भोंगा ऐकून उठायची गरज उरली नाही, तेव्हा घर घ्यायचं ठरलं.

पुस्तिका काय सांगते

पहिल्या पानावर इमारतीचं चित्र आहे. फोटो नाही, कारण इमारत अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. संगणकावर काढलेल्या या चित्रात आकाश निळंशार आहे, पुढे ताडासारखी झाडं आहेत, आणि एक लांब पांढरी गाडी उभी आहे. एक बाई, एक पुरुष आणि फुगा धरलेली मुलगी कुठेतरी चाललेत. इमारतीवर पाण्याची टाकी दिसत नाही. एकाही बाल्कनीत कपडे वाळत नाहीत. एकही मोटारसायकल नाही. जालन्यात मोटारसायकल नसलेली पार्किंगची जागा मी तरी पाहिलेली नाही.

मजकुराची भाषा बघण्यासारखी आहे. जवळजवळ कुठल्याच वाक्याला क्रियापद नाही. 'प्रशस्त हॉल. मोकळी हवा. २४ तास पाणी. सुसंस्कृत शेजार.' क्रियापद नसलं की वाक्याला काळ राहत नाही. पाणी येतं, येईल की यायला हवं, हे विचारायला जागाच उरत नाही. कोणी काही वचन दिलेलं नसतं आणि वाचणाऱ्याला मात्र दिल्यासारखं वाटतं. मराठी गद्यात इतकं सावध वाक्य दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पाचव्या पानावर 'लोकेशन' आहे. समृद्धी महामार्ग इतकी मिनिटं, ड्राय पोर्ट इतकी मिनिटं, रेल्वे स्टेशन इतकी, एमआयडीसी 'फक्त पाच मिनिटं'. सगळं अंतर मिनिटांत, किलोमीटर कुठेच नाही. गाडी कोणाची, वेळ कुठली, संभाजीनगर रोडवर (पप्पांच्या तोंडी अजून औरंगाबाद रोडच) स्क्रॅपचे ट्रक उभे असताना की नसताना, हे नाही. गंमत अशी की एमआयडीसी या पानावर फायदा म्हणून येते, पण पहिल्या पानाच्या चित्रातून गायब आहे. गुंतवणूक करणाऱ्याला ती पाच मिनिटांवर हवी आणि राहणाऱ्याला ती दिसायला नको. एकाच पुस्तिकेत दोन वाचक गृहीत धरलेत, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडणार नाही याची काळजी घेतली आहे.

आपल्याकडे घरावर काय लिहिलं गेलं

घर या विषयावर आपल्याकडे बरंच चांगलं लिहिलं आणि दाखवलं गेलं आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. तिच्यात भिंतींपेक्षा बिऱ्हाडंच जास्त लक्षात राहतात. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात नव्या जोडप्याला माणसांनी भरलेल्या घरात एकांत मिळत नाही, एवढ्या साध्या अडचणीवर सगळी गोष्ट उभी आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त मोडका ट्रॅक्टर दारात पडून असतो आणि घरातल्यांना लागत राहतो. घराचं खरं वर्णन असंच असतं: कशाला ठेच लागते, कोणाचा आवाज ऐकू येतो.

या सगळ्यांत आमच्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळचा म्हणजे भीमसैन यांचा हिंदी चित्रपट 'घरौंदा' (१९७७). अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांचं नोकरदार जोडपं पैसे साठवून फ्लॅट बुक करतं आणि फसवलं जातं. मला त्यात फसवणुकीपेक्षा पुढचा भाग जास्त भिववतो. घरासाठी तो तिला आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करायला सुचवतो. फ्लॅटने माणसाच्या तोंडी असं वाक्य आणावं! तेव्हा रेरा नव्हता आणि आज आहे, हा फरक मोठा आहे. पण फ्लॅट हवा असलेल्या माणसाचा चेहरा फारसा बदललेला नाही, हे मी आमच्या आरशात पाहिलं आहे.

५६० की ८५०

पुस्तिकेत चांगलं पान एक आहे, ते सांगायला हवं. अकराव्या पानावरचा फ्लोअर प्लॅन. तिथे खोल्यांची मापं आहेत आणि मापांना विशेषण लावता येत नाही. मी ती बेरीज करून पाहिली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर फ्लॅट ८५० चौरस फुटांचा आहे, अकराव्या पानावरच्या खोल्यांची बेरीज ५६० च्या आसपास येते. मधले २९० चौरस फूट म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि काही प्रमाणात हवा.

८५० ने भागलं तर भाव ३,५०० रुपये चौरस फूट पडतो. ५६० ने भागलं तर ५,३०० च्या वर. फ्लॅट तोच, पैसे तेच, पण पहिला आकडा ऐकून आई म्हणाली, "परवडतंय की." रेरा कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ ला. त्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे: आतली वापरण्याजोगी जागा, आतल्या भिंतींसह, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरायची नाही. व्यवहार या आकड्यावर व्हायला हवा. एजंटला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "ताई, ॲग्रीमेंटमध्ये कार्पेटच टाकू. बोलताना सगळे सुपर बिल्ट-अपच बोलतात." बोलायची भाषा एक आणि सहीची दुसरी, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर तोच प्रामाणिक माणूस वाटला.

पप्पांचं वाचन

साइटवर आम्ही तिघं गेलो. मी मोबाइलवर फोटो काढत होते, आई पूर्व कुठे ते बघत होती. पप्पा मात्र कोपऱ्यातल्या सळयांच्या ढिगाकडे गेले आणि तिथेच उकिडवे बसले. सळईवर उठवलेली अक्षरं बोटाने पुसली, कंपनीचं नाव आणि ग्रेड वाचली, मग खिशातून टेप काढला.

"बारा एमएमची हाय. मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरली पाहिजे," ते म्हणाले. मला वाटलं पाठ असेल. पण त्याचं सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागिले १६२. बारा मीटरची एक सळई साडेदहा किलोच्या वर हवी. त्याहून बरीच हलकी भरली तर पोलाद कुठेतरी वाचवलं गेलं. "वजन करून मागा. चांगला माल असला तर कोणी नाही म्हणत नाही."

सळई कशी होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. देशभरातून भंगार येतं, इंडक्शन भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास वितळतं, त्याचे बिलेट ओतले जातात, लाल बिलेट रोलमधून जात जात सळई होते. मग तिच्यावर पाण्याचा मारा होतो. बाहेरची कड एकदम थंड होऊन टणक होते, आतला गाभा हळू निवतो आणि लवचीक राहतो. भूकंपात सळई वाकावी, तुटू नये, म्हणून हे सगळं. पप्पा तीस वर्षं त्या लाल सळईपासून काही हातांवर उभे राहिले. ज्या इमारतीचं पुस्तिकेत निळं आकाश आहे, तिच्या प्रत्येक खांबात ते काम आहे. पुस्तिकेच्या सोळा पानांत पोलादावर एकच ओळ आहे: 'उत्तम दर्जाचे स्टील.'

रात्रीची पाहणी

एजंट आम्हाला रविवारी सकाळी अकराला घेऊन गेला होता. पप्पा म्हणाले, रात्री येऊ. औद्योगिक वीजदरात रात्रीची सूट वर्षानुवर्षं होती, म्हणून भट्ट्यांना रात्रीच जोर असायचा, हे नाइट शिफ्ट केलेल्या माणसालाच सुचू शकतं. गुरुवारी रात्री एकच्या सुमाराला आम्ही दोघं गाडीवर गेलो. आकाशाच्या एका कडेला तांबूस उजेड होता. मिलचा घरघराट इतका सलग होता की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा झाला आणि बोलताना आपणच मोठ्याने बोलतोय एवढंच जाणवलं. तासाभराने गाडीच्या सीटवर बोट फिरवलं तर काळं निघालं.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. ही इमारत भट्ट्यांच्या पूर्वेला आहे. कुठल्याही ब्रोशरच्या नकाशावर वाऱ्याचा बाण नसतो, फक्त उत्तर दाखवणारा असतो. आईला दमा आहे. चंदनझिऱ्यातही तो होताच, पण भाड्याची खोली सोडता येते. वीस वर्षांच्या हप्त्याची सोडता येत नाही.

मी हे म्हणाले तर पप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "धूर हाय म्हणून पगार होता." ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार जखमी झाले, तेव्हा ते दोन दिवस ओळखीच्यांना फोन करत होते. त्यांच्या लेखी एमआयडीसी म्हणजे ती माणसं. माझ्या लेखी ती सीटवरची काजळी. एका फ्लॅटवरून आमचं भांडण झालं ते खरं या दोन वाचनांचं होतं. मला अजूनही वाटत नाही की त्यांचं चुकलं.

'२४ तास पाणी'

जालन्याच्या माणसाला हे तीन शब्द विनोदी वाटायला हवेत, पण ब्रोशर वाचताना आपण गावचे राहत नाही. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव नव्या जालन्याला पाणी द्यायचा. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर जगलं, मी तेव्हा शाळेत होते आणि दप्तर ठेवलं की आधी घागरी रांगेत लावायचे. लोकांनी पुढे येऊन घाणेवाडीतला गाळ काढला, पैठणहून जायकवाडीचं पाणी आलं, २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तरी नळाला रोज पाणी, असं अजून सगळीकडे झालेलं नाही.

म्हणून मी एजंटला विचारलं, २४ तास पाणी कुठून? "बोअर आहे." किती फूट? "भरपूर." मे महिन्यात? "सोसायटी टँकर मागवते." म्हणजे टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये. सर्वनामांचा हा खेळ लक्षात घ्या. पुस्तिकेत पाणी बिल्डर देतो, मे महिन्यात सोसायटी देते. सोसायटी म्हणजे आम्हीच.

'सुसंस्कृत शेजार'

या दोन शब्दांवर मी सगळ्यात जास्त थांबले. इमारत तिसऱ्या मजल्यावर, राहायला कोणी आलेलं नाही, तरी शेजार सुसंस्कृत आहे हे लेखकाला आधीच ठाऊक आहे. ते कसं, हे एजंटच्या गाडीत कळलं. त्याने पप्पांना विचारलं, "काका, पूर्ण नाव काय तुमचं?" पप्पांनी सांगितलं. तो एक सेकंद थांबला आणि म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही. आपल्याकडे सगळे चांगले लोक आहेत."

प्रॉब्लेम आहे असं कोणी म्हणालंच नव्हतं. पुढे रस्त्याच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोल्या दाखवून तो म्हणाला, "तिकडं बाहेरचे लेबर राहतात, बिहार-यूपीचे. पण मधे कंपाउंड वॉल येणार आहे." पप्पांनी काचेतून तिकडे पाहिलं. त्यातले दोघं त्यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी हात केला नाही, कारण गाडी एजंटची होती. मला वाटतं, त्या क्षणी पप्पांनी फ्लॅटवर मनातल्या मनात काट मारली, पण माझ्यासाठी बोलले नाहीत.

दुसरी पुस्तिका

ब्रोशरच्या जोडीने वाचायचा मजकूर म्हणजे महारेराच्या वेबसाइटवरचं प्रकल्पाचं पान. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत त्याचा क्यूआर कोड द्यावा लागतो, तेव्हा शोधायचे कष्टही नाहीत. हे पान रटाळ आहे, चित्रं नाहीत, पण इथे प्रत्येक गोष्टीला तारीख आहे. ताबा कधी, किती फ्लॅट बुक, कुठली परवानगी अपलोड केली, कोर्टात काही चालू आहे का. आमच्या पुस्तिकेत ताबा 'लवकरच' होता, या पानावर दोन वर्षांनंतरची तारीख होती.

याच्या सोबत चार गोष्टी मी शिकले, त्या कोणाच्याही कामाच्या आहेत. नोंदणीकृत ॲग्रीमेंट होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, म्हणजे ती क्रियापद नसलेली वाक्यंही जपून ठेवायची. आणि जमीन कुठली ते बघायचं. एमआयडीसीचा भूखंड असेल तर तो सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. बाहेरची शेतजमीन असेल तर ती कागदोपत्री अकृषक झाली आहे का ते बघायचं, आणि गुंठेवारीतला तुकडा असेल तर तो नियमित झाल्याचा कागद हवा. 'एमआयडीसीलगत' या एका शब्दात यातलं काहीही असू शकतं.

एजंटने आम्हाला एकच कायदा उत्साहाने सांगितला. "ताईच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे." हे खरं आहे, २०२१ पासून आहे. आमच्या घराण्यात बाईच्या नावावर घर होणार ते सवलतीमुळे, याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

निकाल

परीक्षणाच्या शेवटी मत द्यावं लागतं. ही पुस्तिका ज्या शहरात विकली जाते त्याच शहराला वगळून लिहिली आहे. धूर, टँकर, स्क्रॅपचे ट्रक, पत्र्याच्या खोल्या, काळे हात, यातलं काहीच तिच्यात नाही. ते असतं तरी मी कदाचित फ्लॅट घेतला असता, कारण यातलं प्रत्येक मला आधीपासून माहीत आहे. मी कार्पेटचा भाव, पाण्याचा स्रोत आणि ताब्याची तारीख ईमेलवर लिहून मागितली. उत्तर फोनवर आलं, तीनदा. लेखी आलं नाही. टोकन आम्ही दिलं नाही.

सध्या आम्ही एक जुना फ्लॅट बघतोय. नऊ वर्षांची इमारत, एमआयडीसीपासून थोडी दूर, शहराच्या अंगाला. तिचं ब्रोशर नाही. जिन्यात चपला आहेत, गॅलरीत कपडे, गच्चीवर चार काळ्या टाक्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच भेटल्या. आई काही विचारायच्या आत त्यांनी सुरू केलं: नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, मार्चपासून टँकर, गेल्या उन्हाळ्यात दर घरटी महिन्याला हजार रुपये पडले. पश्चिमेची खिडकी रात्री लावून घ्यायची. लिफ्ट दिवाळीला बंद पडली होती. तिसऱ्या मजल्यावर मुलगा तबला शिकतो, नवापर्यंत वाजवतो. प्रत्येक वाक्याला क्रियापद होतं.

मग त्यांनी विचारलं, "कोण्या गावचे म्हणायचे तुम्ही?" मी पप्पांकडे पाहिलं. या प्रश्नाच्या आत काय असू शकतं ते आम्हा दोघांना कळत होतं. पप्पांनी गाव सांगितलं, आडनावही सांगितलं, न विचारता. काकू म्हणाल्या, "चहा घेऊन जा," आणि आत गेल्या.

चहा घेताना पप्पा उठून बाल्कनीत गेले आणि कोपऱ्यात प्लास्टर निघालेल्या जागी उघड्या पडलेल्या सळईवर नख घासून पाहिलं. गंज वरवरचा होता. कर्जाची फाइल बँकेत दिली आहे, वकिलाचा सर्च रिपोर्ट यायचा आहे. तोवर आईने एक अट घातली आहे: मे महिन्यात एकदा, रात्री दोन वाजता, तिलाही तिथे घेऊन जायचं.